पुस्तकातले पेच
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वर्धापनदिनाला आजवर पाककृती झाल्या, बचत झाली, मुलांचा अभ्यास झाला, मधुमेहावर डॉक्टरीणबाई बोलून गेल्या. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो जुजुत्सूचा. फळ्यावर नाव वाचून आमच्या शेजारच्या भाऊंनी विचारले, "वहिनी, आता बायका आखाड्यात उतरणार की काय?" मी म्हटले, "आखाड्यात नाही भाऊ, शाळेच्या पडवीत. आणि उतरून सहा महिने झाले!"

तेव्हा हे भाषण म्हणजे उपदेश नव्हे. सहा महिन्यांचा हिशेब आहे. दर रविवारी दुपारी तीन ते साडेचार आम्ही अकरा जणी एक पुस्तक मध्ये ठेवून हात सोडवायला आणि सांधा धरायला शिकतो. शिकवणारे कुणी नाही. पुस्तक इंग्रजी आहे, माझ्या भाच्याने मुंबईला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेले. वरची पाने गेलेली, आत काळीपांढरी चित्रे. मी शाळेत चौतीस वर्षे शिकवले असल्यामुळे वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले, एवढाच माझा अधिकार.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला विचारले आहे, "बाई, पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकते का?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला हसून उत्तर देण्यासारखा नाही. त्याचेच उत्तर मी आज देणार आहे. पण त्याआधी आम्ही हे का आरंभले ते सांगते.

आपल्या आळीतली एक मुलगी रोह्याकडे नोकरीला जात होती. संध्याकाळच्या गाडीने परत यायची. नागोठणे सोडले की निडी आणि निडी सोडले की रोहे, असे आपले हे छोटे स्टेशन. गाडी गेली की पाच मिनिटांत फलाटावर कुत्रेही उरत नाही. एका संध्याकाळी वाटेत कुणी तिचे मनगट धरले. ओळखीतलाच माणूस. दोन बायका मागून येत होत्या, त्यांचा आवाज ऐकून त्याने हात सोडला. घडले ते एवढेच. पण पुढे काय झाले? त्या माणसाला कुणी काही बोलले नाही, आणि मुलीची नोकरी सुटली. घरच्यांनी सोडवली. मला त्यांना नावे ठेवायची नाहीत, लेकीच्या काळजीने आईबाप दुसरे काय करणार? तरी हिशेब पाहा. हात धरला त्याने, आणि घरात बसली ती. ती मुलगी मला म्हणाली, "मावशी, मला पळायचे सुचले नाही, ओरडायचे सुचले नाही. हात जणू माझा नव्हताच." हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. स्वतःचा हात स्वतःचा वाटावा एवढे तरी शिकता येईल का, म्हणून पुस्तक उघडले.

आता उस्तादांची गोष्ट. पुरुषांना तालीम होती. गावात मारुतीचे देऊळ आणि देवळामागे लाल मातीचा हौदा, वस्ताद, जोर-बैठका, सगळी व्यवस्था. तरीही वस्ताद हातचा एक डाव राखून ठेवतो अशी म्हणच आहे आपल्यात. बाईला तर तो हौदा बंदच. तिच्या बाबतीत राखून ठेवायचाही प्रश्न नव्हता. अशा माणसाला पुस्तकावाचून दुसरे दार नसते. पुस्तकात उणे पुष्कळ असेल, पण ते डाव राखून ठेवत नाही, आणि समोर कोण बसले आहे हेही विचारत नाही.

डावपेच लिहून ठेवणे आपल्याकडे नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात मल्लविनोद म्हणून कुस्तीचा भाग आहे. आणि मराठीत तर बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 1936 सालापासून दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' काढला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, शस्त्रे, जे जे उस्तादांच्या पोटात होते ते कागदावर आणण्याचे केवढे मोठे काम! ज्यांना मोठ्या ग्रंथालयात जायचा योग येईल त्यांनी एखादा खंड मागून पाहावा.

त्याच बडोद्यात राजरत्न प्रा. माणिकराव होऊन गेले, जुम्मादादा व्यायाममंदिराचे. ते जसे व्यायामाचे आणि शस्त्रविद्येचे गुरू, तसेच हाडे बसवण्यातही नाव मिळवलेले. मला ही जोडी फार आवडते. ज्याला सांधा कोणत्या बाजूने निखळतो ते कळते, त्यालाच तो बसवताही येतो. जपानातही जुजुत्सूचे जुने गुरू हाडवैद्य असत, आणि ज्यूदोच्या परंपरेतून आलेले हाडवैद्य तिथे आजही सरकारी परवान्याने व्यवसाय करतात. मारण्याची विद्या आणि बरे करण्याची विद्या एका घरात नांदलेली आहे हे आपण मुलींना सांगितले पाहिजे, कारण "हे दांडगाईचे शिक्षण" असे म्हणणारे घरोघर आहेत.

जुजुत्सू या शब्दातल्या 'जू'चा अर्थ मऊपणा, नमते घेणे. बळाला बळ न भिडवता वाट देणे आणि मग आपल्या सोयीच्या बाजूला वळवणे. त्या विद्येतून ज्यूदो काढणारे कानो जिगोरो अंगाने लहान होते. तरुणपणी त्यांच्या गुरूकडे फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड शिष्य होता, तो काही केल्या आटपेना. कानोंनी काय करावे? ते ग्रंथालयात जाऊन बसले. कुस्तीची पुस्तके चाळता चाळता पाश्चात्त्य कुस्तीच्या एका पुस्तकात त्यांना खांद्यावर उचलून टाकण्याचा डाव सापडला. पण, आणि हे लक्षात ठेवा, पुस्तक मिटून ते थेट फुकुशिमावर धावले नाहीत. आधी मित्रांवर तो डाव पुनःपुन्हा करून पाहिला, मग त्याला टाकले. पुढे 1882 साली त्यांनी कोदोकान ही शाळा काढली आणि 1926 साली तिथे स्त्रियांसाठी वेगळा विभाग निघाला. पुस्तक आणि मित्र, दोन्ही लागले. पोहण्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आले.

बायकांचे म्हणाल तर लंडनच्या ईडिथ गॅरड यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे आपल्या कोषाध्यक्षबाईंहून कमीच. मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांना तिथले पोलीस सभेतून ओढून नेत. तेव्हा या बाईंनी त्यांना जुजुत्सू शिकवले, आणि 1913 साली पुढाऱ्यांच्या रक्षणासाठी जे स्त्रियांचे पथक उभे राहिले त्याची तालीम त्यांच्याकडे होती. त्यांचे एक गुरू उयेनिशी यांनी 1905 साली इंग्रजीत जुजुत्सूचे पाठ्यपुस्तक लिहिले. आपल्या देशात म्हणाल तर 1929 साली रवींद्रनाथांनी जपानहून ताकागाकी या गुरूंना शांतिनिकेतनात बोलावले आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवण्याची सोय केली. साडी नेसणाऱ्या मुली हे शिकू शकतात की नाही, हा प्रश्न म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे.

असो. आता पुस्तकात असते काय ते पाहू.

सगळी विद्या सांध्यांवर उभी आहे, आणि सांधे आपण शाळेत शिकलो आहोत. कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा. दार एकाच बाजूला उघडते, उलट ढकलले तर बिजागरी मोडते. समोरच्याचा हात सरळ ताणला गेला, त्याचे मनगट आपण आपल्या छातीशी धरले आणि कोपराच्या जरा वर, मागच्या बाजूने दाबले, की माणूस कितीही बलदंड असो, त्याला वाकावेच लागते. यात जोर लागतो तो पहारेने दगड हलवण्याइतका. पहार टोकाशी धरावी लागते, मध्ये धरली तर दगड हलत नाही. तसेच हात मनगटाशी धरावा. दंडाला मिठी मारून काही उपयोग नाही.

खांदा हा उखळीचा सांधा. सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच सर्वांत लवकर निखळतो. मनगटात आठ लहान हाडे आहेत. धुतलेले लुगडे पिळताना आपण जसे वळवतो तसे मनगट बाहेरच्या बाजूला वळवले, तर ती पिळणूक कोपरातून खांद्यात जाते आणि माणूस तिच्यामागे कलतो. बोटांचे तर विचारूच नका. मूठ म्हणजे पाच जणांची एकी, ती फोडता येत नाही. त्यातली करंगळी एकटी वेगळी काढून मागे वळवली की उरलेली चारही आपण होऊन सुटतात.

पण यांतला पहिला धडा पेचाचा नाहीच, सुटण्याचा आहे. कुणी मनगट धरले तर आपण काय करतो? मागे ओढतो. म्हणजे त्याच्या चार बोटांशी रस्सीखेच करतो आणि हरतो. पुस्तक सांगते, पकडीत एक फट असते, अंगठा आणि बोटांची टोके भेटतात तिथे. आपला हात फळीसारखा आहे, एका बाजूने रुंद, एका बाजूने धार. धार त्या फटीकडे वळवायची, कोपर त्याच्या दिशेने नेत एक पाऊल पुढे टाकायचे, आणि हात अंगठ्याच्या बाजूने काढून घ्यायचा. मागे नव्हे, पुढे. आमच्यात सर्वांत थोरल्या काकूंना अडुसष्टावे चालू आहे, त्यांनी तिसऱ्या प्रयत्नात माझी पकड सोडवली आणि म्हणाल्या, "अगं, फणसातून गरा काढावा तसा निघतो की!" पुस्तकाच्या लेखकाने चार ओळी खर्चून जे लिहिले आहे ते काकूंनी एका दमात सांगितले.

आता पुस्तकाचे उणेपण. त्यावर आमचे सहा महिने गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर बोलते.

चित्रात एकच क्षण असतो. पहिल्या चित्रात हात धरला आहे, दुसऱ्या चित्रात धरणारा जमिनीवर. मधले काय? पाऊल कोणते आधी पडले, वजन कोणत्या पायावर होते, ते चित्र सांगत नाही. उयेनिशींनी या अडचणीवर 1905 सालीच उपाय काढला होता. चलचित्राच्या यंत्राने एकामागून एक टिपलेली छायाचित्रे त्यांनी पुस्तकात छापली. आजकाल मोबाईलवर तर सारे हलतेच. आमच्यातल्या मुलींनी ते दाखवलेही. पण मोबाईलवरचा मनुष्य फार घाईत असतो, आणि त्याचा जोडीदार धक्का लागायच्या आधीच पडायला तयार असतो! पान मात्र आपल्यासाठी थांबते. शंका आली की मागे जावे, बोट ठेवावे, पुन्हा वाचावे. माझे मत पुस्तकाकडे झुकते. मुलींचे झुकत नाही.

दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. समोरासमोर उभे राहून चित्र पाहिले की उजवा हात कोणाचा यावरून वाद. त्यावर आमची रीत अशी बसली की एका पानाला तिघी लागतात. दोघी करणाऱ्या, तिसरी पुस्तक हातात धरून वाचणारी आणि पाहणारी. तिने मोठ्याने वाचायचे, करणाऱ्यांनी पुस्तकात डोकवायचे नाही. प्रत्येक पान तीनदा. पहिल्यांदा गोगलगायीच्या चालीने. दुसऱ्यांदा डोळे मिटून, कारण सांधा डोळ्यांनी सापडत नाही, हाताला सापडतो. तिसऱ्यांदा जोडीदारणीने खरोखर विरोध करायचा. मैत्रीण प्रेमाने हात देते. वाटेत भेटणारा प्रेमाने हात देणार नाही. तिसऱ्या फेरीत निम्मे पेच फसतात, आणि कोणते फसतात ते कळणे हीच कमाई. सहा महिन्यांत बावीस पाने झाली, त्यांतली भरवशाची मी पाच म्हणेन.

आणि थाप. हे सर्वांत महत्त्वाचे. दुखायला लागले की दोनदा थाप मारायची, जोडीदारणीच्या अंगावर नाही तर आपल्या मांडीवर. थाप ऐकली की त्याच क्षणी हात सोडायचा, "एवढ्यात काय दुखते?" असे विचारायचे नाही. ज्यूदोत जगभर हाच रिवाज आहे. सांध्याचा पेच हळूहळू चढवायचा असतो, झटका द्यायचा नसतो. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी वाचणारीचे काम घ्यावे. मानेला तर आम्ही कुणीच हात लावत नाही. ती पाने मी दोऱ्याने बांधून ठेवली आहेत.

आता बांगड्या! पुस्तक लिहिणारा कोटपाटलोण घालणारा पुरुष. त्याच्या चित्रांत कॉलर धरली जाते, टाय धरला जातो. आमची पहिली अडचण ही की मनगट धरले की बांगडी फुटते आणि काच घुसते. उतरवून ठेवा म्हटले तर निम्म्या जणींचे चेहरे उतरले. हिरवा चुडा रविवारी दुपारी काढून ठेवायचा? मी कुणाला आग्रह केला नाही. एका वहिनींनी तोड काढली. बांगड्या वर सारून त्यावर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळायची. काम झाले. आणि खऱ्या प्रसंगी बांगडी फुटली तर फुटू दे, हे त्याच म्हणाल्या.

पदर, ओढणी आणि वेणी यांवर पुस्तकात अक्षर नाही. धरणारा आधी धरतो तेच! तेव्हा ती पाने आम्हीच करतो आहोत. वेणी मागून धरली तर पुढे पळू नये; दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्या डोक्याशी घट्ट दाबून धरावा म्हणजे केस ओढले जात नाहीत, मग त्याच्या बाजूला वळावे. ओढणीला गळ्याशी गाठ मारून गाडीत चढू नये. पदर धरला तर पदरासाठी भांडू नये, जाऊ द्यावा. हे शेवटचे सांगायला सोपे आहे, करायला फार अवघड आहे, आणि त्यावर आमचा एक पूर्ण रविवार बोलण्यातच गेला. एक गंमत सांगते. पाऊल टाकायला सर्वांत मोकळी कोण, तर नऊवारी नेसणारी आजी! गोल साडीवाल्या आम्ही निऱ्यांत अडकतो आणि कासोटा मारलेली आजी सरळ पुढे जाते.

पण खरी अडचण हातापायांची नव्हतीच. ओरडण्याची होती. पुस्तक म्हणते, पकडताच मोठ्याने ओरडा. सोपे वाटते ना? अकरा जणींपैकी आठ जणींच्या तोंडून आवाजच फुटेना. आणि एका काकूंच्या तोंडून आला तो, "अहो, सोडा ना!" आम्ही हसून हसून बेजार झालो, काकूही हसल्या. मग हसू ओसरले. जन्मभर ज्या जिभेला 'अहो'चे वळण लागले ती ऐनवेळी एकदम 'अरे' म्हणणार कशी? म्हणून दर रविवारी पहिली दहा मिनिटे आम्ही नुसते "सोड!" आणि "लांब हो!" म्हणतो. सुरुवातीला शाळेसमोरून जाणारे थांबून पाहत, आता कुणी पाहत नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एक माहितीपत्रक छापून वाटले तर होणार नाही का? याचे उत्तर माझ्यापाशी आहे आणि ते आकड्यांत आहे. कॅनडात शार्लिन सेन नावाच्या विदुषीने तीन विद्यापीठांतील 893 विद्यार्थिनींच्या दोन तुकड्या पाडल्या. एका तुकडीला बारा तासांचे शिक्षण दिले: धोका लवकर ओळखणे, ओळखीच्या माणसालाही नाही म्हणणे, आणि अंगाने प्रतिकार करणे. दुसऱ्या तुकडीला त्या विषयावरची माहितीपत्रके दिली. वर्षभराने पाहिले. पत्रके मिळालेल्यांत बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण शेकडा 9.8 होते, शिक्षण घेतलेल्यांत 5.2. हे 2015 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नुसता कागद पुरत नाही, आणि दुसरीकडे, शिकायला वर्षे लागत नाहीत. बारा तासांत फरक पडतो. बारा तास म्हणजे आपले आठ रविवार. अर्थात त्यांच्याकडे शिकवणाऱ्या तयार होत्या, आमच्याकडे फाटके पुस्तक आहे. तरी वाचलेले करून पाहणे आणि नुसते वाचणे यांतले अंतर त्या आकड्यांत दिसते.

त्या शिक्षणात ओळखीच्या माणसाचा विचार होता, हे मी मुद्दाम सांगितले. आपल्या देशातल्या गुन्ह्यांच्या सरकारी नोंदी वर्षानुवर्षे तेच दाखवतात. बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो. अंधारातला परका गुंड आपण मनात रंगवतो, आणि असतो तो शेजारचा, नात्यातला, रोज मिनिडोरला शेजारी बसणारा. त्याच्या डोळ्यांत बोटे घालायला कोणत्याही बाईचा हात उचलणार नाही, आणि तिथेच ती थिजते. मला सांध्यांच्या पेचाचे मोल वाटते ते या कारणाने. ठोसा मारला की मारला. पेचाला मात्र माप असते. करंगळी जरा वळवली तर ती सूचना असते. आणखी वळवली तर ताकीद. त्याहून पुढे गेले तर हाड. कुठे थांबायचे ते बाईच्या हातात राहते. नात्यातल्या माणसाला सर्वांदेखत काही न म्हणता त्याचा हात खाली ठेवायला लावता येतो, आणि वेळ आली तर पुढेही जाता येते.

तरी या पेचांचा फार भरवसा धरू नका, हेही मीच सांगते. माणूस दुप्पट वजनाचा असेल, दोघे असतील, हातात हत्यार असेल, तर पेच घालत बसायचे नाही. सुटायचे, ओरडायचे, उजेडाकडे आणि माणसांकडे धावायचे. पाकीट, मोबाईल मागितला तर द्यायचा. पेच हा सुटण्यासाठी मिळवलेला दोन श्वासांचा अवधी, त्याहून जास्त नाही.

कायद्याचेही दोन शब्द सांगते, कारण एका ताईंनी विचारले, "त्याचे बोट मोडले तर तुरुंगात कोण जाणार?" 1 जुलै 2024 पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. स्वतःच्या रक्षणासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही. हात पडेपर्यंत थांबावे लागत नाही. धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले की हक्क सुरू होतो आणि धोका असेपर्यंत चालतो. मर्यादा दोन. रक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करू नये, आणि सरकारी मदत मिळवायला वेळ असेल तर ती घ्यावी. म्हणजे तो पळाला, मागून जाऊन हात पिरगाळला, तर तो हक्क राहिला नाही. बलात्काराच्या हल्ल्यात मात्र हा हक्क हल्लेखोराच्या प्राणापर्यंत जातो, इतके कायद्याने स्पष्ट लिहिले आहे. मदतीसाठी 112 हा आकडा लहान मुलांनाही पाठ करून द्यावा.

ती मुलगी? ती दर रविवारी येते. पहिले दोन महिने तिने फक्त पुस्तक वाचण्याचे काम घेतले, मनगट कुणाला धरू दिले नाही. आम्ही कुणी बोललो नाही. एका दिवशी तिने आपण होऊन हात पुढे केला आणि म्हणाली, "काकू, धरा." आता आमच्यात तिची पकड सर्वांत चिवट आहे. नोकरीचे अजून ठरलेले नाही. वडील म्हणतात, दिवाळीनंतर बघू. आपल्यापैकी तिघीजणी रोज त्याच गाडीने येतात, त्यांनी तिच्याबरोबर उतरायचे कबूल केले आहे आणि मी वडिलांना तसे सांगितले आहे. आणखी कुणी त्या गाडीने येत असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे. चौघी झाल्या तर वडिलांशी पुन्हा बोलता येईल.

आता व्यवहाराचे. पुस्तक माझ्या घरी आहे, घरी नेऊन एकटीने वाचायला मिळणार नाही. मी मराठीत उतरवलेली पाने चिटणीसबाईंकडे ठेवली आहेत, ती पाहता येतील. येताना सुती पट्टी आणि पाण्याची बाटली आणावी, पायांत काही घालू नये. मुलींना बारा वर्षांपासून पुढे घेऊ. येत्या रविवारी तेविसावे पान आहे, मागून कमरेला धरले तर काय करावे त्याचे. पानाला तिघी लागतात. दोघी येणार असाल तर तिसरीला घरून बोलावून आणा.